घट बारा

प्रिय चिमणे,

माझ्या हातून चूक झाली आहे आणि ती माझ्याच अक्षरात आहे, म्हणून लिहिते. फोनवर सांगायला गेले असते तर तिसऱ्या वाक्याला तुझ्या खोकल्यावर घसरले असते. तेव्हा पूर्ण वाच, मध्येच उठू नकोस.

काल चाचणीकक्षाचा कार्यभार नव्या बाईंकडे द्यायला बसले. छत्तीस वर्षांचा पसारा. दुपारी कुठे आम्ही तुझ्या सोडियम बॅटरीच्या नोंदवहीपाशी पोचलो. गाड्या जोडणारे कारागीर तुला मीठवाली म्हणायचे, आज मीठ बरोबर पडलं का म्हणून रोज विचारायचे आणि तू न चिडता 'चाखून बघा' म्हणायचीस. लिथियम सगळ्यांना कसं पुरणार, मिठातल्या सोडियमवर मालाची तीनचाकी पळवून दाखवीन, हा तुझा हट्ट. अकरा नमुने फसले तरी तू बारावा केलास. मला ते फार आवडलं होतं. बोलले नाही, कारण घरी मी आई असले तरी कक्षात बाई होते आणि पोरीची बाजू घेते असं कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं.

तर नव्या बाईंनी मी लिहिलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'पाचशे फेऱ्या पूर्ण. घट १२.' म्हणाल्या, पाचशे वेळा चार्ज होऊन ज्याची ताकद बारा टक्के घटली, तो सेल तुम्ही अजून कशाला चालवताय? मी फटकन म्हटलं, अहो, घट म्हणजेच सेल, बारा नंबरचा. आमच्या वेळी कॉलेजात हाच शब्द होता. एवढं बोलले आणि ती ओळ पुन्हा वाचली.

तूही तसंच वाचलंस ना? पाचशे फेऱ्यांत पाच टक्क्यांच्या वर घट आली तर काम थांबवायचं, हे तूच ठरवलं होतंस. दुसऱ्याच दिवशी तू राजीनामा दिलास आणि रंगाच्या कारखान्यात निघून गेलीस. मला वाटलं, कंटाळली. चाचणीचे आलेख माझ्या कपाटात होते, मागितले असतेस तर दिले असते. पण त्याच आठवड्यात मी तुला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, सारखी विचारायला येऊ नकोस, वहीत लिहिलेलं वाचायला शीक. तू वाचलंस.

आता खरा आकडा. तेव्हाची घट दोन टक्के होती. नंतर यंत्र बंद करा असा लेखी आदेश कुणी दिला नाही आणि लेखी आदेशाशिवाय मी बटण दाबत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे तुझा सेल गेले अकरा महिने चालतोच आहे. आज सकाळी दोन हजार एकशे चार फेऱ्या झाल्या. घट सात टक्के. कारागिरांपर्यंत बातमी पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. थोरला तर दारातूनच ओरडला, बाई, मग आमची मीठवाली कधी येतेय?

साहेबांकडे मी चुकीची लेखी कबुली दिली. त्यांनी आलेख दोनदा पाहिले. असेच सेल करून एका तीनचाकीत बसवून बघू म्हणतात, आणि तुझी जागा अजून रिकामी आहे. ये, असं मी म्हणणार नाही. तू ठरव, या वेळी खऱ्या आकड्यावरून. शुक्रवारी मी निवृत्त होते, म्हणजे कक्षात तुला बाई भेटणार नाही, हेही हिशेबात धर. पण एवढं तर साहेबांनीही कळवलं असतं. मी लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. वहीतली ओळ दुरुस्त केली, खाली सही केली, आणि मग लक्षात आलं की लेकीची माफी मागायला त्या वहीत रकाना नाही. चुकले मी, चिमणे.

तुझीच,
आई

सोबत दिले: नोंदवहीच्या पानाची प्रत, दुरुस्तीसह. आलेख, बावीस पानं. तुझा पांढरा कोट, धुऊन, तुटलेलं बटण लावून.
घट (म्हणजे सेल!) क्रमांक १२ पाठवलेला नाही. तो चालू आहे.