वीस स्वाध्याय, सही आधी

सोमवार, ३ सप्टेंबर

आजपासून अभ्यास सुरू. पार्सल जूनमध्येच आलं होतं, आज फोडलं. उगाच घाई करून फोडण्यात अर्थ नव्हता.

परिस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे डोकं साफ राहील. लिफ्टच्या कामात बावीस वर्षं झाली. आता सुपरवायझरची जागा रिकामी होतेय. साहेब म्हणाले, जागा तुझीच आहे, फक्त दहावी पास पाहिजे, वरून नियम आलाय. मी नववीत शाळा सोडली. शाळेला माझी काम करायची पद्धत झेपत नव्हती. म्हणून आता टपालाने दहावी. परीक्षा मार्चमध्ये, पण त्याआधी वीस स्वाध्याय घरी लिहून २९ सप्टेंबरपर्यंत केंद्रात द्यायचे. नाही दिले तर हॉल तिकीट नाही, थेट पुढचं वर्ष.

पुढच्या वर्षी आमची कन्या दहावीला बसणार आहे. म्हणजे बाप आणि लेक एकाच परीक्षेला. हे होणे नाही.

आजचा धरून सत्तावीस दिवस, वीस स्वाध्याय. सात दिवस उरतात. त्यांचं काय करायचं ते नंतर ठरवू.

मंगळवार, ४ सप्टेंबर

इतिहासाचा पहिला स्वाध्याय वाचला. ‘सकारण स्पष्ट करा’ असं सात वेळा लिहिलंय. इतका कंटाळा मला मशीन रूममध्ये दोन तास एकटं बसूनही आला नव्हता.

दोष शोधला. मशीन उत्तम आहे, सप्लाय येत नाहीये. म्हणजे मोटिव्हेशन. फोनवर तीन व्हिडिओ पाहिले. सूटवाला माणूस सांगत होता, आधी स्वतःला विचारा की हे मी कशासाठी करतोय. विचारलं. उत्तर लगेच आलं : चष्मा.

चष्मा म्हणजे आमच्याकडचा ज्युनियर. मला आठ वर्षांनी लहान, दहावी पास. ब्रेकचं लायनर बदलायला मला फोन करतो. मी पास नाही झालो तर हा सुपरवायझर होणार आणि माझ्या रजेच्या अर्जावर सही करणार.

एवढं कारण पुरे. उद्यापासून धडाका.

बुधवार, ५ सप्टेंबर

सात वाजता बसलो. टेबल डुगडुगत होतं. डुगडुगणाऱ्या टेबलावर बीजगणित होत नाही. पाय काढून पुन्हा बसवला. मग खुर्ची करकरायला लागली. मग ड्रॉवर अडकत होता तोही केला.

साडेनऊला हिने विचारलं, किती झाले? म्हटलं, पाया भक्कम झाला. ही म्हणाली, अहो, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार चार महिने लटकतंय, त्यालाही तुमची परीक्षा लावा.

शनिवार, ८ सप्टेंबर

कन्येलाही गृहपाठाचा कंटाळा आहे, असं आज लक्षात आलं. भूगोलाची वही उघडून खिडकीतून बाहेर बघत बसली होती. नववी म्हणजे मोठं नाजूक वर्ष, मला अनुभव आहे. ठरवलं, रोज सात ते साडेआठ दोघांनी समोरासमोर बसायचं. मला बघून तिला हुरूप येईल.

पहिल्याच दिवशी एकाग्रतेवर बोललो. सात ते सात पन्नास. तोवर तिचा भूगोल संपला होता. परिणाम इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं.

माझा स्वाध्याय राहिला. पण माणूस किती ठिकाणी पुरणार?

रविवार, ९ सप्टेंबर

आज मोठं काम उरकलं.

प्रत्येक स्वाध्यायाला वर एक छापील कव्हर लावायचं असतं. नाव, नंबर, विषय, ‘स्वाध्याय पूर्ण केला’ अशी ओळ, तारीख, सही. वीसच्या वीस कव्हरं एका बैठकीत भरून सह्या ठोकल्या. तारखासुद्धा घातल्या. प्रत्येकामागे कोरे ताव टाचले आणि सगळं फाइलमध्ये लावलं.

यात गैर काही नाही. आमच्या धंद्यात सही आधी, काम नंतर. मशीन रूममध्ये सर्व्हिसचं कार्ड टांगलेलं असतं, गेल्या गेल्या त्यावर सही करायची. कारण काम झाल्यावर हात ग्रीसने बरबटलेले असतात आणि कार्डाची वाट लागते. चष्मा नंतर सही करतो. त्याची कार्डं बघवत नाहीत.

फाइल हातात घेऊन पाहिली. वजन आलंय. पहिल्यांदाच वाटलं की हे होणार.

बुधवार, १२ सप्टेंबर

गणित घेतलं. प्रश्न असा : एक लिफ्ट सेकंदाला दोन मीटर वेगाने जाते, तर छत्तीस मीटर चढायला किती वेळ लागेल?

नशीब बघा. नेमका माझा विषय. पण प्रश्न साफ चुकीचा आहे. आत माणसं किती? दार बंद व्हायला किती वेळ? सुटताना आणि थांबताना वेग कमी असतो, त्याचं काय? गणित काढणाऱ्याने जन्मात लिफ्टची मशीन रूम पाहिलेली नाही. दीड तास बसून दोन पानी तांत्रिक हरकत लिहिली, आकृतीसह. मग आकृतीत काउंटरवेट चुकलं म्हणून फाडून टाकली.

कन्या म्हणाली, बाबा, अठरा सेकंद. म्हटलं, अठरा सेकंदांत दारसुद्धा धड लागत नाही. ती म्हणाली, पण मार्क लागतात.

शनिवार, १५ सप्टेंबर

विज्ञानाला हात घालणार, तेवढ्यात ऑफिसचा फोन. लिफ्ट अडकली, आत दोन माणसं. खरं तर पाळी चष्म्याची होती. मीच म्हटलं, राहू दे, मी जातो. माणुसकी म्हणून काही असतं.

पंधरा मिनिटांत माणसं बाहेर काढली. मग उरलेली संध्याकाळ दोरखंडांना तेल दिलं. दोरखंड कोरडे नव्हते. तरी दिलं.

रविवार, १६ सप्टेंबर

हिशेब. झाले : शून्य. उरले : वीस. दिवस : आजचा धरून चौदा. म्हणजे रोज दीडच्या आत. घाबरण्यासारखं काही नाही. रोज एक करणाऱ्याला दीड काय जड आहे? फक्त आधी रोज एक करायला लागायचं.

बुधवार, १९ सप्टेंबर

झाला! एक झाला! मराठीचा निबंध, ‘माझा आवडता छंद’. विषय निवडला अभ्यास. बावीस ओळी, एकही खाडाखोड नाही. फाइलमधला एक कोरा ताव काढून तिथे लावून टाकला.

कन्येला वाचून दाखवला. ती मधेच पाणी प्यायला उठली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिली. आतून खोकल्यासारखा आवाज येत होता.

गाडी रुळावर आली. दोन दिवस विश्रांती, इंजिन तापू द्यायचं नाही.

रविवार, २३ सप्टेंबर

आज आठ करायचे होते. दुपारी डोळे मिटून उजळणी केली. उठलो तेव्हा सहा वाजले होते आणि गालावर स्केलचे आकडे उमटले होते.

सात वाजता कन्या समोर येऊन बसली. हल्ली हाक मारावी लागत नाही. सहज विचारलं, मी समोर बसतो त्याचा तुला उपयोग होतो का गं? ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, हो बाबा, खूप होतो. अगदी गंभीरपणे म्हणाली.

मला भरून आलं. त्या भरात अभ्यास झाला नाही.

बुधवार, २६ सप्टेंबर

उद्या आणि परवा रजा टाकली. दोन दिवसांत एकोणीस. टाइमटेबल तयार, चार रंगांत. जेवणाला अकरा मिनिटं. आता कंबर कसली. साहेबांनाही सांगून टाकलं, पेपर जवळजवळ गेलेच समजा.

गुरुवार, २७ सप्टेंबर, सकाळी ११

फाइल सापडत नाही.

दुपारी १

सापडली. म्हणजे कुठे आहे ते कळलं. हिला फोन केला. ही औषधांच्या दुकानात काउंटरवर असते आणि केंद्र तिच्या वाटेवर आहे. काल जाताना हिने फाइल उघडली, वर वीसच्या वीस सह्या पाहिल्या, ‘पूर्ण केला’ वाचलं, आणि नेऊन जमा केली. मला आयत्या वेळी धावपळ नको म्हणून. पावतीही घेतली : वीस स्वाध्याय मिळाले.

पुढे ही जे बोलली ते लिहितो. म्हणाली, अहो, मला वाटत होतं तुम्ही नुसते बसता. चुकलं माझं. दुकानात सगळ्यांना सांगितलं मी.

खरं सांगायला तोंड उघडलं, पण काउंटरवर गिऱ्हाईक आलं.

दुपारी ३

शांतपणे विचार केला. पावती आहे. शिक्का आहे. कागदोपत्री माझा अभ्यास तीन दिवस आधी पूर्ण झालाय. चष्म्यानेही दहावी टपालानेच केली, पण त्याने स्वाध्याय आदल्या दिवशी दिले होते म्हणे.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

पहाटेच उठून पावती पुन्हा वाचली. ती वीस म्हणते, आत आहे एकच. केंद्रात जाऊन फाइल परत मागायची, रात्रभर लिहायचं, उद्या द्यायची, असं ठरवून अडीचला निघालो.

केंद्र चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. दाराला चिठ्ठी लावलेली, जिना वापरा. आता बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिन्याने गेला तर बघणारे काय म्हणतील? बॅगेत हत्यारं होतीच. वॉचमनला आमच्या कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. त्याने किल्ली दिली. दुसऱ्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट जळला होता. साफ केला, बदलला, तीन वेळा वरखाली करून पाहिलं. काय सुरेख चालत होती! मग कार्डही नीट लावलं.

त्याच लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेलो. पाच वाजून दहा मिनिटं. ऑफिस पाचला बंद होतं.

शनिवार, २९ सप्टेंबर

पुन्हा गेलो. कारकून बाई म्हणाल्या, वेळेआधी आलेले गठ्ठे कालच तपासनिसांकडे गेले. म्हणाल्या, सगळे तुमच्यासारखे वेळेवर देतील तर आमचं काम किती सोपं होईल. वर, लिफ्ट चालू झाली म्हणून खूश होत्या.

धन्यवाद म्हणून खाली आलो. जिन्याने.

बुधवार, १७ ऑक्टोबर

काल पार्सल परत आलं. हिनेच उघडलं. निबंधाला दहापैकी चार. बाकी एकोणीस कव्हरांवर लाल शाईत एकच प्रश्न : काम कुठे आहे? तपासनीस चिकाटीचा माणूस असावा, एकोणीस वेळा लिहिलंय.

सगळं सांगितलं. ग्रीसचं कारणही सांगितलं. ही ऐकून घेत होती. मग जेवायला वाढलं. भांडी आवरून झाल्यावर एवढंच म्हणाली की मी दुकानात सगळ्यांना सांगितलं होतं हो.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

आज ऑफिसात कळवलं. सुपरवायझर चष्मा. त्याने सगळ्यांदेखत माझ्याशी हात मिळवला आणि हळूच विचारलं की लायनर बदलायचं असलं तर फोन केला तर चालेल ना.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

कन्येच्या वर्गशिक्षिकेचा फोन. उद्या पालकांची सभा आहे, तुम्ही जरूर या. या सत्रात एकही गृहपाठ न चुकवलेली वर्गात तुमची मुलगी एकटीच. ‘माझी प्रेरणा’ म्हणून मुलांना चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या, तर तिने वडिलांवर लिहिलंय.

हिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा हसली. शर्टाला मी स्वतः इस्त्री केली. माझे स्वाध्याय का राहिले ते आता समजलं. सगळा करंट तिकडे जात होता.

शनिवार, २० ऑक्टोबर

सभेत पहिल्या रांगेत बसवलं. बाईंनी चार ओळी मोठ्याने वाचल्या. जशाच्या तशा उतरवतो.

‘माझे बाबा रोज संध्याकाळी माझ्यासमोर अभ्यासाला बसतात. मला गृहपाठाचा खूप कंटाळा येतो. वही मिटून टाकावीशी वाटली की मी एकदा बाबांकडे बघते. मग लगेच लिहायला लागते.’

टाळ्या झाल्या. बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. शेजारच्या गृहस्थांनी पाठ थोपटली. मीही हसलो, पण मान वर करवेना. वाईट वाटलं. फार वाटलं.

परतताना कन्याच म्हणाली, बाबा, मला खोटं लिहायचं नव्हतं. आणि तुला सगळ्यांसमोर कमीपणा येईल असंही नव्हतं लिहायचं. चारच ओळी होत्या, पण मला दोन दिवस लागले. मी म्हटलं, छान जमल्यात. खरंच छान जमल्या होत्या.

हा मार्च हुकला, त्याच्या पुढच्या मार्चचा फॉर्म भरायचा आहे म्हणून सांगितलं. म्हणाली, बरं, मग आपण दोघं एकदमच.

संध्याकाळी सातला बसलो. काही न दुरुस्त करता बसलो. गणिताचा पहिला स्वाध्याय उघडला. पहिलं उदाहरण आलं. दुसरं आलं असं वाटलं. तिसऱ्याला अडलो. तिला विचारलं. वहीतून मान वर न करता ती म्हणाली, बाबा, थांब जरा, आधी माझं होऊ दे.

थांबलो.