माझा उजवा गाल

मी, पुतळाबाई निवृत्ती कुटे, वय चौऱ्याऐंशी, राहणार गंगापूर रोड, नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. अक्षर कापरं आहे, तो वयाचा दोष समजावा. सिनेमात माझं नाव प्रतिभा होतं. तेही मीच निवडलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगी अंजलीला द्यावी. त्यावर इतर कोणाचाही हक्क नाही.

२. पुस्तकं माझ्या माहेरी, सायखेड्याच्या वाचनालयाला द्यावीत. मी शाळेत गेले नाही. पहिल्या सिनेमात नवऱ्याची थोबाडीत खाऊन त्याचेच पाय धरायचे आहेत, हे मला सेटवर कळलं. केलं. मग अक्षरं शिकले आणि पुढे गोष्ट शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कशावरही सही केली नाही. तसा प्रसंग पुन्हा केला नाही. त्यापायी एका निर्मात्याने मला दोन वर्षं कुठे काम मिळू दिलं नाही. त्याला मी माफ केलेलं नाही, हेही नोंदलेलं असावं.

३. माझे यजमान लाइटमन होते. यांचा जुना दिवा अंजलीच्या मुलाला, स्वराजला द्यावा. लहानपणी चुलीवरचं आधण अंगावर येऊन माझा उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. म्हणून कॅमेऱ्याला मी कायम डावी बाजू दिली. सेटवर दार कुठे, मी कुठून यायचं, ते मी आधीच ठरवून घ्यायचे. लोकांना तो तोरा वाटला. मुली तशीच मान कलती ठेवून फोटो काढून घेऊ लागल्या. मी खुलासा केला नाही. दिवे लावताना उजवीकडचा अंधार हे सांभाळायचे. यांना जाऊन सहा वर्षं झाली. अजून मी यांच्या खुर्चीकडे उजवा गाल करूनच बसते.

४. हे कलम नीट वाचावं. दिवाळीत स्वराजने मोबाइल पुढे धरला. त्याच्या कंपनीने संगणकावर माझा तरुणपणीचा चेहरा बनवला आहे. त्यात मी एका पुरुषाचे पाय धरून रडत होते. मान दोन्हीकडे वळत होती.

"हा गाल कुठून आणलास?"

"डाव्यावरूनच बनवला, आजी. बघ ना, किती गोड दिसतेस. अख्खा सिनेमा करू."

"मी हे काम घेतलं नसतं."

"तुला कुठे काय करायचंय आता? तू नुसती हो म्हण."

पोरगा वाईट नाही. पण मी हो म्हटलेलं नाही, आणि माझ्या मागे कोणी माझ्या वतीने म्हणू नये. माझ्या चेहऱ्याकडून, आवाजाकडून नवं काम करून घ्यायची परवानगी मी कोणालाही देत नाही, अंजलीलाही नाही. वकील ज्ञानेश म्हणाले, "मावशी, चेहऱ्याचा सातबारा निघत नाही. कोर्टात हे कितपत टिकेल, सांगता येत नाही." म्हणून पुढचं कलम.

५. माझ्या कपाटात यांनी गच्चीवर काढलेला एक फोटो आहे. उजव्या बाजूचा, भर उन्हातला. यांना तो भिंतीवर हवा होता, मी लावू दिला नाही. माझ्या निधनाच्या बातमीसोबत अंजलीने तोच फोटो द्यावा, दुसरा देऊ नये. लोकांनी तो गाल एकदा पाहिला, की मोबाइलमधली ती बाई मी नव्हे, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

नंतर तो फोटो यांच्या खुर्चीसमोर लावावा.

सगळं वाचून पाहिलं. मग सही केली.

पुतळाबाई निवृत्ती कुटे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. भिमाजी सोमा गायधनी, शेजारी
२. शकुबाई कारभारी मोगल, मैत्रीण

नाशिक, १७ नोव्हेंबर २०२५