उजवा पाय, वरची खोली आणि तातेराव

मी, अंबाजी केरबा हंबर्डे, वय अठ्ठ्याऐंशी, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके शाबूत आहे. उजव्या पायाबद्दल तसे म्हणता येणार नाही.

१. राहते घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते मुलगी चारुलता हिला मिळावे. अट एकच. वरच्या खोलीत माझा मेहुणा तातेराव राहतो. तो हयात असेपर्यंत घर बिल्डरला देऊ नये. नातू सौरभ म्हणतो, "मामाआजोबांना चांगल्या होममध्ये ठेवू ना." ठेवू नये.

२. कारण लिहून ठेवतो. मी एका सरकारी खात्याच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड होतो. पगार मेकॅनिकचा, काम गोल करण्याचे. १९६२ च्या फायनलमध्ये तातेराव समोरच्या टीमचा बॅक होता. शेवटच्या मिनिटाला मी एकटाच गोलसमोर निघालो, तेव्हा त्याने मागून येऊन माझी नडगी मोडली. रेफरीने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. सव्विसाव्या वर्षी माझा खेळ संपला.

तातेराव रोज दवाखान्यात डबा आणायचा. आत यायची लाज वाटे, म्हणून बहिणीला, भामाला, पाठवून स्वतः दाराबाहेर उभा राही. प्लास्टर निघाल्यावर डबे थांबले. भामा मात्र माझ्या घरी आली आणि सत्तावन्न वर्षे राहिली.

३. पान्यांची पेटी सौरभला. पाय मोडल्यावर मी खरोखरच मेकॅनिक झालो, आणि वाईट झालो नाही. त्याला मराठी वाचता येत नाही. चारूने हे कलम दोनदा वाचून दाखवावे.

४. बँकेतील ठेव व भामाच्या पाटल्या चारुलताला. त्या रेफरीला काही नाही.

५. "पाय बॉललाच लागला होता," असे तातेराव आजवर सांगत आला. आज त्याला हे सगळे वाचून दाखवले. मग म्हणाला, "अंबाजी, खोलीचं कलम काढ."

"कायकू?"

"बॉल मी बघितलाच नव्हता. पायच मारला."

मी विचारले, "नसता मारलास, तर गोल झाला असता?"

"हौ. झालाच असता."

बासष्ट वर्षे मला एवढेच कोणाकडून तरी ऐकायचे होते. कलम पहिले कायम आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) अंबाजी केरबा हंबर्डे

साक्षीदार:
१. (सही) एकनाथराव भोसीकर, चिक्कडपल्ली
२. (सही) नामदेवराव पवळे, नल्लकुंटा

हैदराबाद, ११ ऑगस्ट २०२४