पहिलं नातवंड आजीचं

३ जून
“गरोदर बाईनं किमीज प्यावं, पोर घोड्यासारखं पळतं,” सासूबाई दहा वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. घोडीचं आंबवलेलं दूध. मी रोज प्यायले. बुरुल पळते खरी. पण नऊ वर्षांची झाली, घड्याळ कळत नाही. दोष माझा नाही. आमच्यात पहिलं नातवंड आजीचं. दूध तुटलं तशी ती त्यांची झाली. लाडावली.
गेल्या वर्षी उन्हाळी कुरणावर हरवली होती, म्हणून यंदा आपा, म्हणजे सासूबाई, तिला माझ्याकडे सोडून कुरणावर गेल्या. ऑगस्टमध्ये उतरतील. तोवर घड्याळ, दोनचा पाढा, बुटाची नाडी. सोपं आहे. मग कुणाची हिंमत तिला परत न्यायची!

५ जून
घड्याळ वाचता आलं.

६ जून
गेलं. चष्मा लागणार बहुतेक.

१९ जून
डोळे उत्तम. आता बुद्धीसाठी अक्रोड सुरू. रशियातून नवऱ्याचा, तालायचा फोन. म्हणाला, आजीकडेच राहू दे की, कशाला उचापती. मी रागानं फोन ठेवला. म्हणजे, त्यानं आधी ठेवला होता.

२ जुलै
दवाखान्यात जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. बुरुलच्या डोक्याचं टेपनं माप घेतलं, तिचा वरचा ओठ बराच वेळ पाहिला. पोटुशी असताना दारू घेत होतात का, म्हणाल्या. किमीज, सगळ्याच पितात, मी म्हटलं. तेही नको असतं, म्हणाल्या. आणखी काही? मी हसले. मुलीच्या ओठाचा आणि दारूचा काय संबंध? बाई नवीन आहेत.

११ जुलै, दुपारी
नाडी बांधली! स्वतः! फोटो तालायला पाठवला. त्यानं पाहिला.

१२ जुलै
बुरुल अनवाणी घरी. रस्त्यावरच्या कुणा बाईनं बूट मागितले, हिनं दिले. का गं? “तिनं मागितले ना,” म्हणाली. आता नाडीचा पुरावाही नाही.
मी ओरडले. ती रडली. पाच मिनिटांनी येऊन विचारते, माझे बूट कुठे आहेत?

२८ जुलै
एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. बुरुलच्या वेळी पाचवा महिना होता, तालाय रशियाला गेला, बर्फ पडलं. मी व्होडका चहाच्या वाटीत ओतायचे, म्हणजे शेजारणीला चहा वाटावा. मलाही. कधीमधी, मी म्हटलं.
त्यांनी ते लिहून घेतलं.
रोज, मी म्हटलं.
“हे बरं होत नाही, ताई. पण आता तिला आळशी म्हणू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा. रोज तीच, त्याच क्रमानं.”
बाई नवीन नाहीत. अशी अकरा मुलं आहेत त्यांच्याकडे.

२० ऑगस्ट
तीन आठवडे रोज तेच: तोंड धू, केस विंचर, चहा. काल न सांगता केस विंचरले. तरी रोज विचारते, आजी कधी येणार?
आपा उद्या येतील. आधी वाटीत काय असायचं ते सांगेन. ते ऐकल्यावर कोण देईल? तरी मागेन. आपा, एक हिवाळा बुरुलला माझ्याकडे राहू द्या.