तुझ्या वाट्याची पऱ्हाटी

माय, परवा आपल्या गावात गॅस आला. सिलिंडरचा नाही. शाळेमागच्या पडीक जागेत एक मोठी टाकी बांधली आहे, तिच्यात शेण, हळदीचा पाला, केळीचे चिरलेले खांब असं सगळं कुजवतात आणि त्याचा गॅस नळीतून खालच्या गल्लीतल्या घराघरांत येतो. आपल्या घरी आता भाऊ-भावजय राहतात. भावजयीनं शेगडी पेटवली, चहाचं आधण ठेवलं, सगळे त्या निळ्या जाळाकडे बघत होते. मी भिंतीकडे बघत होते. कितीदा चुना मारला तरी तुझ्या चुलीची काजळी तिथं अजून वर येते. तुला जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नाही ते निदान लिहावं, म्हणून बसले आहे.

मला नोकरी लागली तेव्हा तू वसमतच्या बाजारातून मला बूट आणून दिलेस. रानात फिरायचं काम, काटे रुततील म्हणून. स्वतः तू आयुष्यभर अनवाणी कापूस वेचलास. कारखाना नवा होता. कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी, तुरीची तुराटी, सोयाबीनचं कुटार भरडायचं, दाबून त्याचे ठोकळे करायचे, आणि ते दगडी कोळशाच्या जागी मोठ्या कारखान्यांत जाळायचे. एरवी शेतकरी हे सगळं बांधावर पेटवून देत. रानोरान फिरून माल बोलून ठेवायचं काम माझं. मी तुला मोठ्या हौसेनं समजावलं होतं, "माय, हा सगळा कचराच आहे. कचऱ्याचा कोळसा होतो. कुणाचं काही जात नाही." तू भाकर थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कुनाचंच न्हाई?" मला वाटलं, तुला कळलं नाही.

ज्या बायांनी कापूस वेचला त्यांनी शेवटी पऱ्हाटी न्यायची, हा गावाचा रिवाज होता. तो कुणी कधी बोलून दाखवला नाही, म्हणून तो कुठं लिहिलेलाही नव्हता. तुझी वर्षाची चूल त्याच्यावर चालायची. ओढ्याकाठच्या रानात तू कितीतरी वर्षं वेचणीला जात होतीस, आणि त्याच रानाच्या मालकाकडे मी गेले. तो म्हणाला, "घेऊन जा की, रान तरी मोकळं व्हईल." त्या वेळी मला तुझी आठवण झाली नाही, असं मी लोकांना सांगत आले. माय, झाली होती. पण कारखान्याच्या साहेबांनी मला दिलेलं ते पहिलंच मोठं रान होतं.

चार दिवसांनी ट्रॅक्टर घेऊन तिथं पोचते, तर तू, शेजारची मावशी आणि आणखी दोघी पऱ्हाटी उपटून मोळ्या बांधताय. तुझी मोळी बांधून झाली आहे, डोक्यावर चुंबळ ठेवून तू ती उचलायला वाकली आहेस. माझ्यासोबत कारखान्याचे साहेब आहेत, ड्रायव्हर आहे. तू मला बघून हसतेस. साहेब विचारतात, "या कोण?" आणि मी त्यांना उत्तर न देता, बांधावर उभी राहून, पुस्तकातल्या भाषेत मोठ्यानं म्हणते, "बायांनो, मोळ्या खाली ठेवा. या शेतातला माल कंपनीला दिलेला आहे." मावशी कमरेवर हात ठेवून म्हणते, "काहून? आमी वेचलेलं रान हाय हे!" तू तिच्या दंडाला धरतेस. मोळी सोडतेस, दोर गुंडाळून कमरेला खोचतेस, आणि माझ्या बाजूनं जाताना माझ्याकडे बघतही नाहीस, साहेबांसमोर माझी ओळख निघू नये म्हणून.

संध्याकाळी घरी आले तर तू मला रोजच्यासारखं वाढलंस. मीच न राहवून म्हणाले, "माय, माझी नोकरी आहे ती." तू म्हणालीस, "मोळीचं काय न्हाई लेकरा. सरपन कुठूनबी आनीन. पन मला बाई म्हनलीस. माय म्हनली असतीस तर हासत ठिवली असती." मी जेवत राहिले.

त्या पावसाळ्यात तू काय काय जाळलंस ते मला माहीत आहे. ओल्या बाभळीच्या फांद्या, सायकलचं जुनं टायर, माझ्या बुटांचं खोकं. आमच्या कारखान्यातून ठोकळ्यांचे ट्रक भरून बाहेरगावी जात होते आणि आपल्या घरात धुरानं समोरचं माणूस दिसत नव्हतं. कोपऱ्यात सिलिंडर होता, पण तू तो पाहुण्यांसाठी राखून ठेवायचीस आणि संपला की महिनोन्महिने तसाच पडून राहायचा. मी तो भरून आणू शकत होते. दोनदा आणला, मग विसरले. तुझा खोकला वाढला तशी तुला वसमतच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात चूल आहे का?" तू माझ्याकडे बघितलंस. माझ्या गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र होतं. मी म्हणाले, "नाही, गॅस आहे." तूही मान डोलावलीस. डॉक्टरांनी औषधं लिहिली, चुलीबद्दल पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षांनी तू गेलीस. धुरानंच गेलीस असं कुणी म्हणालं नाही. म्हणणार कसं, घरात धूर नव्हताच ना.

पुढं मी कारखान्यात भांडले. वेचणाऱ्या बायांच्या घरापुरती पऱ्हाटी आधी रानात सोडायची, मगच ट्रॅक्टर घालायचा, हे मान्य करून घेतलं. परवाच्या टाकीसाठीही मीच ग्रामपंचायतीत खेटे घातले. म्हणून उद्घाटनाला मला बोलायला उभं केलं. मी तुझी गोष्ट सांगितली. आमच्या मायनं वेचलेल्या रानातली मोळी तिला खाली ठेवायला लावली, त्या दिवशी मी ठरवलं की गावाच्या काडीकचऱ्यावर पहिला हक्क गावाच्या चुलीचा, असं म्हणाले. बायांनी डोळ्यांना पदर लावले. कुणी ठेवायला लावली, ते म्हणताना मात्र माझ्या तोंडून आलं, "कंपनीचा एक माणूस." मावशी पहिल्या रांगेत बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. कार्यक्रम संपल्यावर तिनं माझा हात चाचपत धरला आणि एवढंच म्हणाली, "बरं बोललीस गं पोरी. तिनंबी असंच सांगितलं असतं, तुला वाचवायला."

मी तिला घरापर्यंत सोडलं आणि परत आले. हा कागद भावजयीच्या हाती लागू नये, म्हणून सोबतच घेऊन जाणार आहे. आणि माय, एक राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या ना, तेव्हा मला बरं वाटत होतं.