लंडनमधला माझा पायगुण

लंडन, १४ ऑगस्ट १९४८

तीर्थस्वरूप अक्कास दिनानाथचे साष्टांग दंडवत.

आम्ही तिघे सुखरूप आहोत. खोकला मला एकट्यालाच आहे, काळजी नसावी. तिकडे अंबरनाथला तू औषध वेळेवर घेतेस ना?

हॉकीच्या अंतिम सामन्यात आपण इंग्रजांना चार-शून्य हरवलं. कसा झाला, ते मला विचारू नकोस. आधीच्या सामन्यात मी चहा आणायला बाहेर गेलो आणि नेमका तेव्हाच आपला गोल झाला. झालं! तुझ्या भावजयीने माझा पायगुण ठरवून टाकला.

"अहो, तुम्ही बाहेरच बरे," उमा म्हणाली. तिच्या भावाने, शशिकांताने, वेदवाक्य ऐकल्यासारखी मान डोलावली. तीन आठवडे बोटीत ओकत आलो, तो काय मैदानाची भिंत पाहायला?

पावसात छत्री धरून चारही गोल मी कानांनी पाहिले. दुसऱ्या गोलानंतर उमा दारापर्यंत आली. वाटलं, दया आली असेल. "जागा बदलू नका हं," एवढं बजावून परत गेली.

अक्का, तिकीट माझ्या खिशात होतं. आत जाऊन बसलो असतो, तर कोणी अडवलं नसतं. पण समोर इंग्रज होते गं. मी पाय हलवला नाही.

तुझा पायगुणी भाऊ,
दिना