कोपऱ्यांपुरती खळ

बाबा,

हे पत्र पोस्टात पडणार नाही, तरी सकाळपासून तिसऱ्यांदा उठून पुन्हा लिहायला बसलेय.

काल तळ्याकाठच्या सॉनातल्या कपडे बदलायच्या खोलीचा वॉलपेपर सोलला. त्याखाली वर्तमानपत्रं, आणि त्याखाली तुम्ही रंगवलेली पोस्टर्स. निळं तळं, पांढरी आगबोट, 'फिनलंडला या'. सगळ्या जगाला बोलावलंत आणि स्वतः स्वीडनला निघून गेलात. आई तर आजवर सांगत आलीय, "त्याचे कागद मी सॉनाच्या चुलीत घातले." भिंतीत सापडल्यावर वाटलं, वारा अडवायला का होईना, कामी आणले तिनं.

आज संग्रहालयातली तुइया आली. "हा देशाचा ठेवा आहे," म्हणाली, आणि कडा चाचपता चाचपता थांबली.

"वर्तमानपत्रांना पिठाची खळ अगदी चोपडलीय. पोस्टरांना मात्र फक्त कोपऱ्यांना. ही कधीतरी अख्खी काढायची होती कुणाला तरी."

मी आईकडे पाहिलं. ती कपात कॉफी ओतत राहिली.

"खळ संपली होती," म्हणाली.

आई गिरणीवाल्याची लेक, आणि तिच्या घरातलं पीठ संपलं, बाबा. पटतं तुम्हाला?

अजूनही तुमच्यावर चिडलेली,
हिल्क्का